डिझेल बुलेट घ्यावी का? ओढ, मायलेज आणि बाकीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारामतीकडच्या एका तरुणाला गावातल्या ओळखीच्या माणसाची १९९६ सालची डिझेल बुलेट मिळते आहे. मालक म्हणतो, "लिटरला ऐंशी देते आणि ट्रॅक्टरसारखी ओढते." रोजचं जाणं-येणं मिळून चाळीस किलोमीटर, त्यातलं बरंचसं हायवेने. ती घ्यावी, की घरी पडून असलेल्या वडिलांच्या पेट्रोल बुलेटलाच डिझेल इंजिन बसवावं? आणि एवढं मायलेज मिळत असेल तर कंपन्या नवी डिझेल मोटारसायकल का काढत नाहीत?

निकाल आधी सांगतो, कारणं मग. हौस असेल तर गाडी घ्या. पैसे वाचवायला घेत असाल तर घेऊ नका. आणि हायवेने रोजचा प्रवास असेल तर हौस कितीही असली तरी रोजच्या वापराला ही गाडी नको. इंजिन बदलण्याचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका, त्याबद्दल पुढे सांगतो.

माझा धंदा डिझेलचा. पंपसेट, तीनचाकी, काँक्रीट मिक्सर आणि अधूनमधून या बुलेट. त्यामुळे गाडीबद्दल माया आहे, पण तिच्याबद्दलच्या गप्पा ऐकल्या की हसूही येतं.

पहिली गप ओढीची. "डिझेल म्हणजे टॉर्क", म्हणजे चाक फिरवणारा जोर, हे सगळ्यांना पाठ आहे. आता आकडे बघा. एनफिल्डने ही गाडी विकली तेव्हा तिच्यात ग्रीव्हज लोम्बार्डिनीचं ३२५ सीसीचं एक सिलिंडरचं, हवेने थंड होणारं इंजिन होतं. ताकद ३६०० आरपीएमला साडेसहा अश्वशक्ती, टॉर्क साधारण १५ न्यूटन-मीटर. त्याच काळातल्या ३५० सीसी पेट्रोल बुलेटची ताकद १८ अश्वशक्ती आणि टॉर्क जवळपास दुप्पट. म्हणजे ज्या गोष्टीसाठी डिझेलचं नाव घेतात, त्याच गोष्टीत ही गाडी आपल्या पेट्रोलवाल्या बहिणीच्या निम्मी आहे.

असं का? डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. आत ओढलेली हवा अठरा-वीस पट दाबली की ती इतकी तापते की त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. पण फवारा सिलिंडरभर पसरून हवेत मिसळायला वेळ लागतो. सगळी हवा वापरली जाईल एवढं डिझेल घालायला गेलात तर ते पुरतं जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. म्हणून इंजिनात डिझेल ढकलणारा पंप लावताना डिझेल मुद्दाम कमी ठेवावं लागतं आणि बरीचशी हवा न वापरता बाहेर जाते. ट्रकमध्ये किंवा बोलेरोमध्ये जी ओढ जाणवते ती टर्बोची, म्हणजे सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची करामत आहे. टर्बो काढून घ्या आणि सीसीला सीसी लावून बघा, पेट्रोल पुढे जातं.

मग मालक खोटं बोलतो का? तसंही नाही. या इंजिनाचं फ्लायव्हील जड आहे आणि टॉर्क हजार-बाराशे आरपीएमपासून जवळपास सारखाच मिळतो. क्लच सोडला की गाडी चुळबुळ न करता निघते, तिसऱ्या गिअरवर वीसच्या वेगाने गेली तरी धक्के देत नाही. बसणाऱ्याला ती ओढ वाटते. खरी परीक्षा घाटात. मागे माणूस बसवून आंबा घाटाच्या चढाच्या वळणाला लागलात की दुसऱ्या गिअरवर पंचवीस-तीसने चढावं लागतं. गाडी बंद पडणार नाही, तक्रारही करणार नाही, पण मागचा एसटीवाला हॉर्न वाजवून जीव नकोसा करेल.

सपाटीवर कमाल वेग ६५ च्या आसपास, तोही इंजिन ठणठणीत असताना. वजन १९६ किलो. पुणे-बंगळूर हायवेवर ट्रकसुद्धा सत्तर-ऐंशीने जातात. तिथे पन्नासने चालणारी गाडी डावीकडून चालवायची म्हणजे सतत आरशात बघत बसायचं, आणि आरशात तर थरथरीमुळे काही दिसत नाही. रोजच्या वापराला नको म्हणालो ते यासाठी.

आता मायलेज. इथे मात्र मालकाच्या बोलण्यात तथ्य आहे. चांगल्या स्थितीतली गाडी सत्तर देते, अगदी निवांत चालवली तर त्याहून जास्तही. एवढ्या जड गाडीला हे कसं जमतं, यात तीन गोष्टी आहेत.

एक, डिझेल पेट्रोलपेक्षा घट्ट असतं. एका लिटरमध्ये दहा-बारा टक्के ऊर्जा जास्तच असते. लिटरवर हिशेब करतो तेव्हा हा फायदा आयताच मिळतो, त्यात इंजिनाचं कर्तृत्व नाही.

दोन, आणि हे खरं कर्तृत्व. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर कमी केला की कार्बोरेटरमधली झडप हवेची वाट अडवते. इंजिनाला मग अर्धवट मिटलेल्या वाटेतून हवा खेचत राहावं लागतं आणि त्यात इंधन वाया जातं. डिझेलला अशी झडपच नाही. हँडलची केबल थेट पंपाला जाते आणि फक्त डिझेल कमी-जास्त करते. हवा दर खेपेला पोटभर आत येते. म्हणून सिग्नलला उभं राहताना, गल्लीत रमतगमत जाताना ही गाडी डिझेल जेमतेम हुंगते. शिवाय दाब जास्त असल्याने त्याच थेंबातून कामही जास्त निघतं.

तीन, वेग. हे कुणी सांगत नाही. गाडी पंचेचाळीस-पन्नासच्या वर नीट जातच नाही, आणि वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभर सीसीची कुठलीही पेट्रोल गाडी एका लयीत पंचेचाळीसने चालवा, तीही ऐंशीच्या जवळ जाते. मायलेजचा मोठा वाटा डिझेलचा नाही, संथपणाचा आहे.

आता पैशांचं बघू. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० धरा. जुनी गाडी आहे, तेव्हा प्रत्यक्षात ६५ धरू. चांगली स्प्लेंडरही तेवढं देते. डिझेलचा खर्च किलोमीटरला १ रुपया ३८ पैसे, पेट्रोलचा १ रुपया ६० पैसे. फरक २२ पैशांचा. वर्षाला बारा हजार किलोमीटर झाले तर वाचले अडीच-पावणेतीन हजार. डिझेलचा पंप आणि फवारा मारणारं नोझल एकदा खोलून बसवायचं ठरलं की ही बचत गेलीच, वर खिशातून घालावे लागतील.

नव्वदच्या दशकात हे गणित अगदी वेगळं होतं. डिझेलवर सरकारचा हात होता, भाव पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास. पेट्रोल बुलेट लिटरला तीस देत होती. म्हणजे डिझेल बुलेटचा किलोमीटरचा खर्च चौथ्या-पाचव्या हिश्शात यायचा. दूधवाल्याला आणखी काय हवं? पहाटे दोन्ही बाजूंना कॅन लटकवायचे, वाडीवस्तीवर थांबत-थांबत जायचं, वेगाची गरज नाही, इंजिन तासन्तास चालू. जवळचा पंपसेट दुरुस्त करणारा मिस्त्री हीही दुरुस्त करायचा, कारण ते इंजिन मुळात त्याच घराण्यातलं. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचे भाव खुले झाले आणि उरलासुरला फरकही आटला. पण गाडीचं भवितव्य त्याच्या कितीतरी आधी ठरलं होतं. हिरो होंडाची सीडी १०० आली १९८५ मध्ये. पेट्रोलवर ऐंशी, अर्ध्या किकमध्ये सुरू, वजनाला निम्मी, धूर नाही, थरथर नाही. उत्पादन थांबलं २००० च्या सुमारास, धुराचे नियम कडक झाले तेव्हा. सगळे नियमांना दोष देतात. माझ्या मते नियम आले नसते तरी गिऱ्हाईक उरलंच नव्हतं.

कंपन्या नवी का काढत नाहीत याचं अर्धं उत्तर इथेच आलं. उरलेलं अर्धं असं. २०१५ मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये ७९३ सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन घातलं होतं, टर्बोसकट, ४७ अश्वशक्ती आणि १२५ न्यूटन-मीटरचं. बऱ्याच पोरांनी तेव्हा मला विचारलं होतं, हे बाइकमध्ये बसेल का हो? देशातल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीने स्वतःचं म्हणून बनवलेलं ते इंजिन दोनेक वर्षांतच कारमधून गेलं. आवाज, थरथर आणि किंमत, तिन्ही आड आले. चार चाकांवर, बॉनेटखाली, रबरी माउंटिंगवर बसवूनही लोकांना जे सोसलं नाही, ते मांडीखाली कोण सोसणार? त्यात २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे धुराचे आणखी कडक नियम. डिझेलचा धूर तेवढा साफ करायचा तर इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल, काजळी धरणारा फिल्टर, नायट्रोजन ऑक्साइडसाठी आणखी यंत्रणा. या सगळ्याची किंमत सीसी कमी केल्याने कमी होत नाही. कारच्या किमतीत ती जिरते, मोटारसायकलच्या किमतीत ती मोटारसायकलएवढीच होऊन बसते.

बाहेरच्या देशांत प्रयत्न झालेत आणि ते मजेशीर आहेत. अमेरिकेच्या मरीन कोअरने कावासाकी केएलआर ६५० च्या सांगाड्यावरची डिझेल मोटारसायकल घेतली. कॅलिफोर्नियातल्या हेज डायव्हर्सिफाइड टेक्नॉलॉजीजने ती बनवली, इंजिनाचं मूळ काम इंग्लंडच्या क्रॅनफिल्ड विद्यापीठातलं. कारण मायलेज नव्हतं. रणगाड्यापासून हेलिकॉप्टरपर्यंत सगळं एकाच इंधनावर चालवायचं ठरल्यावर फक्त मोटारसायकलसाठी पेट्रोलचे पिंप वाहून नेणं सैन्याला परवडत नव्हतं. जर्मनीत योखेन झोमर नावाच्या माणसाने एनफिल्डच्याच चेसिसवर हॅट्झचं ४६२ सीसीचं इंजिन बसवून गाड्या विकल्या, ११ अश्वशक्तीच्या. आणि कील शहरातल्या नीआंडर कंपनीने थरथरीवरच घाव घातला: १.४ लिटरच्या टर्बो डिझेलमध्ये एकमेकांच्या उलट फिरणारे दोन क्रँकशाफ्ट. डोकं लावलं होतं, मानलं पाहिजे. पुढे तेच तंत्र बोटीच्या आउटबोर्ड इंजिनात गेलं. तिथे खरी मागणी होती.

आपल्याकडे डिझेल आणि मोटारसायकलचं लग्न टिकलं ते तीन चाकांवर. सौराष्ट्रातला छकडो बघा, पुढून बुलेट, मागून माल नाहीतर माणसं, मध्ये पंपसेटचं इंजिन. दिल्लीच्या फटफट्या मूळच्या महायुद्धाच्या काळातल्या अमेरिकी मोटारसायकलींच्या. पुढे त्यांनाही डिझेल इंजिनं लागली. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणींनी तर डिझेल बुलेटच्या मागे कुळव लावून शेतीचं अवजारच केलं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: वेग नको, ओझं हवं. ज्याला हे दोन्ही लागू होतं त्याला डिझेल शोभतं. पेट्रोलला पर्याय म्हणून स्वस्त इंधन हवं असेल, तर २०२४ च्या जुलैमध्ये पुण्यात बजाजने सीएनजीवरची फ्रीडम १२५ आणली. डिझेल बुलेट जे काम करायची ते आज कुणी करत असेल तर ही गाडी.

आता इंजिन बदलायचं. घरची पेट्रोल बुलेट तशीच नीट करा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. इंजिन क्रमांकही बदलणार आणि इंधनही. परवानगीशिवाय रस्त्यावर आणलीत आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला निमित्त मिळालंच. आणि कायदा बाजूला ठेवला तरी तांत्रिक गुंता आहे. पंपसेटचं इंजिन ३००० ते ३६०० च्या पुढे पळत नाही, म्हणजे स्प्रॉकेट बदलून गिअरिंग लांब करावं लागतं. इंजिन प्लेट नव्याने कापाव्या लागतात, आणि त्या एका मिलिमीटरने वाकड्या बसल्या की प्रायमरी चेन खात राहते. वर वडिलांची चांगली गाडी कायमची बिघडली ती वेगळीच.

हौसेसाठी घ्यायचीच ठरली तर बघायला कसं जायचं ते सांगतो.

पोचल्यावर पहिल्यांदा हेडला हात लावा. गरम असेल तर मालकाने आधीच चालवून ठेवली आहे. चहा प्या, गप्पा मारा, पुरती गार होऊ द्या. मग स्वतः किक मारा. पद्धत अशी: डीकॉम्पची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ दाबून पिस्टन वर आणायचा, कळ सोडायची, आणि पुढची किक पूर्ण वजनाने, मध्ये न थांबता. अर्धवट मारलीत तर किक उलटी येते आणि नडगी फोडते. चपलेवर प्रयोग करू नका. गार इंजिन दोन-चार किकमध्ये सुरू झालं तर कम्प्रेशन जिवंत आहे. एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं धरून कुणी सुरू करून दाखवलं तर रिंग-पिस्टनचा खर्च किमतीतून वजा करा.

सुरू झाल्यावर धूर बघा. क्षणभर पांढरा, मग साफ, हे चांगलं. पांढरा जातच नसेल तर टायमिंग किंवा कम्प्रेशन गेलंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रेस दिल्यावर काळा भक्कन आला आणि गेला तर चालेल. येतच राहिला तर नोझल टपकतंय, नाहीतर कुणीतरी पिकअपसाठी पंपाचा स्क्रू फिरवून ठेवलाय. हे दुसरं फार चालतं. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीवर बोट धरा, फुसफुस जोरात लागली तर सिलिंडरचा लायनर घासलाय.

चेसिस पुसून बघा, इंजिन प्लेट जिथे बोल्टने बसतात तिथे आणि मडगार्डच्या पट्ट्यांना. थरथरीने भेगा इथेच पडतात. जागोजागी वेल्डिंगचे डाग दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका, फक्त चेसिसच्या मुख्य नळीवर नको. बल्ब वरचेवर जातील, नट सुटतील. महत्त्वाच्या ठिकाणी सहज न सुटणारे नायलॉक नट घाला आणि महिन्यातून एक सकाळ पाना घेऊन बसायची तयारी ठेवा.

घरी आणल्यावरच्या दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. नोझल काढून फवारा बघायची खुमखुमी सगळ्यांना येते. तो फवारा दीडशे-दोनशे किलोच्या दाबाने निघतो, कातडी फोडून आत जातो, आणि वरून सुईएवढंच छिद्र दिसतं. त्याच्यापुढे बोट धरायचं नाही. आत गेलंच तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठायचा. दुसरी गोष्ट ऑइलची. "थोडं जास्त असू दे" म्हणून पातळीच्या वर भरलं की ते ब्रीदरवाटे हवेबरोबर आत जातं, आणि डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळायला लागतं. चावी काढा, डिझेल बंद करा, थांबत नाही, उलट वेग वाढत जातो. तेव्हा जाड पोतं किंवा ओली गोधडी एअर क्लीनरच्या तोंडावर दाबायची. हाताचा तळवा नाही. हवा तुटली की थांबतं.

टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. लाइनमध्ये हवा शिरली की नुसतं डिझेल भरून भागत नाही. पंपाजवळचा बोल्ट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यायचं, मग आवळायचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण रात्री रस्त्याच्या कडेला मोबाईलच्या उजेडात ते तासाभराचं होतं.

सुटे भाग हा मात्र सुखद प्रकार आहे. रिंग, नोझल, व्हॉल्व्ह अजून मिळतात, कारण त्या घराण्यातली इंजिनं शेतात आणि बांधकामावर अजून चालतात. फक्त बुलेटच्या दुकानात विचारू नका, शेतीपंपांच्या दुकानात जा आणि जुना भाग हातात घेऊनच जा.

शेवटी कागद. आरसीवर इंधनाच्या रकान्यात डिझेल लिहिलंय का ते आधी बघा. पेट्रोल लिहिलेलं असेल तर गाडी गावात कन्व्हर्ट केलेली आहे, मालक काहीही सांगो. इंजिनावरचा क्रमांक चिंधीने पुसून स्वतः वाचा. पंधरा वर्षं कधीच उलटली आहेत, तेव्हा फेरनोंदणी झाली आहे का आणि हरित कर भरलाय का याच्या पावत्या मागा. झालेली नसेल तर ती मालकाकडून करवून घ्या, तुमच्या नावावर झाल्यावर ती पायपीट तुमची. पीयूसीला जाण्याआधी दहा-पंधरा किलोमीटर चालवून इंजिन पूर्ण गरम करा, म्हणजे धूर कमी येतो. आणि केंद्रात डिझेलचा धूर मोजायचं यंत्र आहे का ते फोनवरच विचारून घ्या. दुचाकी दिसली की पेट्रोलची नळी सायलेन्सरमध्ये खुपसायला धावतात.